वजनाचा रविवार

ब्रूनोला दोन्ही हातांनी कवटाळून करण वजनकाट्यावर चढला, तेव्हा आप्पांनी तोंड फिरवलं. आपला लेक बँकेतला साहेब, आणि रविवारच्या सकाळी कुत्र्याला लेकरागत उचलून उभा. गावाकडं खर्ड्यात कुणी बघितलं असतं, तर मच्छिंद्र आप्पाला चारचौघांत बसायची सोय राहिली नसती.

सावेडीतल्या या बंगल्यात दर रविवारी मागच्या अंगणात कुत्र्यांची वजनं होत. कुत्री चार. आधी करण कुत्र्याला घेऊन काट्यावर चढणार, मग एकटा चढणार, मग वजाबाकी. आणि सूनबाई राजनंदिनी आकडा मोबाईलात टिपून ठेवणार. ब्रूनो, कोको, मफिन आणि ऑस्कर अशी चौघांची नावं. दोन वर्षांत आप्पांनी त्यातलं एकही तोंडातून काढलं नव्हतं. ते एकाला जाड्या म्हणत, एकीला नकटी, आणि उरलेल्या दोघांना नुसतं हाड.

कुत्र्याची जागा उंबऱ्याच्या भाईर, हे ते दिवसातून चारदा ऐकवत. एसीत झोपायचं, शांपूनं न्हायचं, आणि चोर आला तर शेपूट हलवत त्याला आत घ्यायचं. ही कसली कुत्री? गाव सोडून लेकाकडं आल्यापासून आप्पांचं स्वतःचं असं फारसं काही उरलं नव्हतं. पलंग सुनेच्या पसंतीचा, टीव्हीचा रिमोट लेकाच्या हातात. कुत्र्यांबद्दलचं हे मत तेवढं त्यांचं होतं, आणि ते सगळं घर निमूट ऐकून घेई.

आता खरं काय ते सांगून टाकावं. रोज पहाटे, घर साखरझोपेत असताना, आप्पा मागच्या पायरीवर बसत आणि एका भाकरीचे चार वाटे करत. चौघं पुढ्यात एका ओळीत. हिसकाहिसकी नाही, गुरगुर नाही. सगळ्यांना वाढून आप्पा शब्द देईस्तोवर कुणी तोंड लावायचं नाही. गावात कुणाचंही लग्न असो की तेरावा, पंगतीत वाढायला आप्पा उभे असत. माणसांना जन्मभर जी शिस्त लागली नाही, ती या चौघांना आठ दिवसांत लागली, पण हे सांगणार कुणाला? भाकरी सविता द्यायची, स्वैपाकाला येणारी. शेवटच्या उंड्याची भाकरी कुत्र्याची, ही रीत तिच्याही घरात होती. रात्री जाताना ती फडक्यात गुंडाळून डब्यामागं ठेवायची, आणि कशाला म्हणून तिनं कधी विचारलं नाही.

"एक्केचाळीस," करण म्हणाला. "तीन किलो वाढला."

बाकीची तिघंही वाढली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाकिटातलं खाणं मापून द्यायचं, त्यावर एक घास नाही, नाहीतर ब्रूनोचे सांधे जातील. राजनंदिनीनं सविताला बाहेर बोलावलं. डब्यामागची भाकरी तिनं आदल्या रात्रीच बघितली होती. ती कुणासाठी, असं तिनं विचारलं. सविता पायाच्या नखाकडं बघत राहिली. राजनंदिनी आवाज न चढवता म्हणाली, की सांगून ऐकायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.

सवितानं आप्पांकडं बघितलं, एकदाच. आप्पांनी घसा खाकरला. आता बोलायला पाहिजे, हे त्यांना चांगलं कळत होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. या भिकारड्या कुत्र्यांपायी बाईच्या पोटावर पाय देऊ नगा, म्हणाले. कुत्री ती कुत्री, कुठंबी तोंड घालत्यात.

"तोंड घालत नाहीत, आप्पा," राजनंदिनी म्हणाली. "कुणीतरी हातानं भरवतंय."

पंगतीत भल्याभल्यांना दटावणारा माणूस, आणि एका भाकरीपायी त्याची दातखीळ बसली. त्यांना स्वतःची आली इतकी किळस त्या जाड्याचीही कधी आली नव्हती.

सविता आत गेली ती पिशवी घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात पहाटे आप्पांना उठायला उशीर झाल्यानं तशीच राहून गेलेली कालची भाकरी होती. तिनं पायरी पदरानं झटकली.

"आप्पा, मगापासनं उभे हायात. गुडघा दुखंल. बसा की."

आप्पा बसेनात. बसा ना आप्पा, असं करणही म्हणाला. एवढ्या डोळ्यांदेखत नाही म्हणायला कारण सापडेना. आप्पा बसले.

काट्यावर जाऊन बसलेल्या मफिननं खाली उडी मारली. ब्रूनो करणच्या हाताला हिसडा देऊन निघाला. चौघं येऊन आप्पांपुढं एका ओळीत बसले, नकटी कोको डावीकडं शेवटी, आपल्या रोजच्या जागेवर. सवितानं भाकरीचे चार वाटे केले आणि एकेकापुढं ठेवले.

कुणी तोंड लावलं नाही.

राजनंदिनी म्हणाली, खा ब्रूनो. करणनं चुटकी वाजवली. ब्रूनोच्या तोंडातली लाळ फरशीला टेकली, पण त्याची नजर भाकरीवर नव्हती. चौघांच्याही नजरा आप्पांच्या तोंडावर लागल्या होत्या. मग एकेक करून बाकीच्यांच्याही लागल्या. सवितानं चपला घातल्या होत्या, तरी ती जागची हलली नाही.

आप्पांनी ओळीवरून नजर फिरवली. हलकटांनो, असं ते पुटपुटले. मग भिंतीकडं तोंड करून, शंभर पानांच्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"होऊ द्या सावकाश."