ऐकू न आलेला सूर

गाण्याची तबकडी कोरताना त्यातले टोचरे ‘स’ आणि ‘श’ आवरणारा लिमिटर आजगावकर गेली तीस वर्षं कानानेच जुळवत आले होते. आज त्यांनी चाचणीचा सर्वांत उंच सूर लावला, पण स्पीकर गप्पच. दुपारभर खपून त्यांनी वायरींचे सांधे पुन्हा डाख देऊन जोडले, स्पीकरही बदलला. तरी आवाज येईना.

चहा घेऊन आलेल्या कुंदाताईंनी दारातच तोंड वाकडं केलं. “अहो साहेब, बंद करा ना ते! केवढं कर्कश वाजतंय!”

आजगावकरांचा हात नकळत कानाकडे गेला. स्टुडिओत आता दुसरं कुणीच उरलं नव्हतं.

“कुंदाताई, जरा बसता?” त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. “मी हे बटण फिरवतो. आवाज टोचायचा थांबला, की मला सांगा.”