फुलीचं घर

गुलाबबाईंनी दार अर्धंच उघडलं आणि माझ्या मतदारयादीच्या वहीकडं बोट केलं. “ही यादी आमदार आबांकडं जाणार का?”

“नाही. मी आबांच्या विरोधातल्या उमेदवाराचा प्रचार करतोय.” आत भिंतीवर आबांच्याच फोटोचं कॅलेंडर होतं. माझा तोल गेला. “विरोधात बोलला म्हणून तुमच्या शेजाऱ्याचं दुकान या आबानं फोडलं. तरी मत त्यालाच?”

“फोडताना बघितलंय मी. भीती वाटतेच. पण आमचे मालक जिन्यावरनं पडले, तेव्हा गाडी आबांनीच धाडली. तुमच्यातलं कोण आलं होतं?”

त्यांनी वही ओढून घेतली आणि स्वतःचं नाव शोधलं. नावापुढं फुली होती.

“ही कशाला?”

खोटं सुचलं होतं, पण बोललो नाही. “फुलीच्या घरी जायचं नाही, ही मतं आपली नव्हेत, असं आमच्यात ठरलंय. तीन निवडणुका झाल्या. आज घर चुकलो, म्हणून आलो.”

मी चपला काढल्या. “मालक कसे आहेत आता?”

त्यांनी गल्लीत दोन्हीकडं नजर टाकली. “आत या. वही तेवढी बाहेर ठेवा.”