डावा गुडघा

“नाव पुकारलं की एवढंच म्हणायचं, गुडघ्याच्या दुखण्यामुळे मीच माघार घेतली,” मेहेंदळे सर म्हणाले आणि त्यांनी चहाचा रिकामा कप खिडकीत ठेवला.

उत्कर्षानं आपल्या पायांकडे बघितलं. “माझ्या गुडघ्याला काय झालंय?”

“झालंय असं म्हणायचं.”

“कुठल्या?”

“डावा म्हणू या.”

सदाशिव पेठेतल्या सभागृहामागच्या त्या खोलीत तिघंच होते. स्कीइंगच्या निवड समितीचे अध्यक्ष सुदर्शन मेहेंदळे, उत्कर्षा आणि धायरीहून ठेवणीतला शर्ट घालून आलेले तिचे वडील वैजनाथ. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. दोन मुलींचा सत्कार होता. गेल्या महिन्यात काश्मीरमध्ये राष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हा धायरीच्या उतारावर चाकांचे स्केट्स बांधून वळायला शिकलेली उत्कर्षा सगळ्यांच्या शेवटी, आधीच्यांनी उखडून ठेवलेल्या बर्फावरून उतरली आणि सगळ्यांत कमी वेळ घेऊन पहिली आली. तिचं नाव नीट कसं म्हणायचं हेसुद्धा तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. आज सकाळी आशियाई स्पर्धेचा संघ जाहीर झाला. मुलींसाठी जागा एकच. ती सलोनी दातारला मिळाली. सलोनी पुण्याचीच, दोन हिवाळे ऑस्ट्रियात शिकून आलेली. त्या शर्यतीत दुसरी.

“संघ एका शर्यतीवर निवडत नाहीत, बेटा,” मेहेंदळे म्हणाले. आवाज समजावणीचा होता. “सलोनीकडे अनुभव आहे. त्या दिवशी धुकंही होतं.”

“धुकं सगळ्यांनाच होतं, सर.”

“ते झालं. पण पेपरवाले सकाळपासून विचारतायत, पहिली आलेली मुलगी संघात का नाही? तू हे बोललीस की विषय संपला. पुढच्या वर्षी तुझा विचार नक्की.”

परभणीहून पुण्यात आल्यापासून साहेबलोकांपुढं गप्प राहणं वैजनाथांच्या अंगवळणी पडलं होतं. ते हळूच म्हणाले, “म्हणून टाक की, बाई. एका वाक्यानं काय झिजतंय आपलं? पुढच्या साली नेतील.”

वडिलांच्या तोंडून ते ऐकणं उत्कर्षाला जास्त लागलं.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. सूत्रसंचालन पटवर्धन सरांकडे होतं. निवृत्त शिक्षक. “उशिरा येणाऱ्यांनी काय झालं ते शेजाऱ्याला विचारू नये, तोही ऐकतोय,” असं बजावूनच त्यांनी माइक हातात घेतला. सलोनीला शाल मिळाली, टाळ्या झाल्या. मग उत्कर्षाचं नाव पुकारलं गेलं.

ती मंचावर गेली. मेहेंदळे शाल उलगडून उभे होते. तिनं तोंड उघडायच्या आतच त्यांनी माइककडे मान वळवली. “ही आपली गुणी मुलगी. डाव्या गुडघ्याच्या दुखापतीमुळे तिनं मोठ्या मनानं संघातून माघार घेतली. तिला लवकर बरं वाटो, अशी आपण सगळे प्रार्थना करू.”

सभागृहात हळहळ उमटली. पहिल्या रांगेतल्या एक बाई तर चक्क “अरेरे!” म्हणाल्या. वैजनाथ खाली मान घालून बसले होते.

उत्कर्षानं बूट काढले. मंचाच्या मधोमध आली. दोन्ही हात समोर धरले, उजवा पाय जमिनीवरून उचलून पुढे ताठ केला आणि डाव्या पायावर सावकाश खाली बसली. पार टाचेपर्यंत. तशीच, कशाचाही आधार न घेता, वर आली. पुन्हा खाली गेली.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग कळलं. कुणीतरी मागे खुदकन हसलं.

“अगं, हे काय चाललंय?” मेहेंदळ्यांच्या हातात शाल तशीच उलगडलेली होती. “पटवर्धन, थांबवा हिला.”

“सत्कारमूर्तींना थांबवायची आपल्याकडे पद्धत नाही,” पटवर्धन म्हणाले. “वक्त्यांना आहे.”

उत्कर्षाच्या मांडीत आता कळा येऊ लागल्या होत्या. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला. तेवढ्यात तिच्या उजव्या हाताकडून आवाज आला, “सात.”

सलोनी होती. खांद्यावर शाल, चेहरा पांढराफटक. मेहेंदळ्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. “आठ,” ती जरा मोठ्यानं म्हणाली.

नऊ म्हणायला पहिल्या रांगेतल्या त्या बाई होत्या. दहाला निम्मं सभागृह होतं. वैजनाथ उभे राहिले होते. कारखान्यात यंत्रांच्या घरघरीवर चढवावा लागतो तसला आवाज लावून ते मोजत होते.

मेहेंदळे तिच्याजवळ वाकले. ओठ फारसे न हलवता म्हणाले, “यानं संघ बदलत नाही, लक्षात ठेव.”

उत्कर्षा वर येत होती. श्वास पुरत नव्हता, तरी पूर्ण वर येईपर्यंत तिनं तो राखून ठेवला.

“संघ तुमचा आहे, सर. गुडघा माझा आहे.”

आणि तिनं पाय बदलला.