रुंद पट्टा

खिळा लाल झाला तसा गुरुदासने तो सांडशीत धरला आणि चामड्यावर टेकवला. चर्र आवाज झाला. पहिलं भोक पडलं.

बासष्ट सालच्या मे महिन्यातला रविवार होता. मालवणातल्या आपल्या घराच्या मागीलदारी, माडाच्या सावलीत तो शेगडी घेऊन बसला होता. पुढ्यात एक फळी, दाढीचं जुनं ब्लेड, खोबरेलाची वाटी आणि त्याचं मनगटी घड्याळ. त्याची कंडक्टरची जुनी चामडी पिशवी फाटली होती, तिचा चार बोटं रुंद तुकडा त्याने कापून घेतला होता. त्याला दोन चिरा द्यायच्या आणि त्यांतून घड्याळाचा अरुंद पट्टा ओवायचा, म्हणजे घड्याळाखाली चामड्याची गादी होईल. चीर पुढे फाटत जाऊ नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना भोकं हवीत. भोकं चार.

"मुंबैक आता असेच पट्टे घालतत," त्याने बायकोला, सुगंधाला सांगितलं होतं.

मुंबईच्या फॅशनशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या डाव्या मनगटावर एक डाग होता. दिवाळीत तो चवलीच्या नाण्याएवढा होता, घड्याळाखाली सहज झाकला जायचा. शिमग्यापर्यंत तो पट्ट्याबाहेर आला. फिकट, कोरडा. उन्हात सगळं अंग घामाने भिजायचं, तेवढी जागा सुकी राहायची. एकदा त्याने तिथे टाचणी टोचून पाहिली. रक्ताचा थेंब आला, पण टोचल्याचं कळलं नाही. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

खाकी सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंतच. कणकवलीच्या गाडीत दिवसभर शेकडो माणसं त्याच्या हातून तिकिटं घेत. गेल्या वर्षी याच गाडीत बोटं झडलेला एक म्हातारा चढला होता. लोकांनी आरडाओरडा केला. गुरुदासनेच घंटा वाजवून गाडी थांबवली आणि त्याला भर रस्त्यात उतरवलं. म्हातारा खाली उभा राहून हात जोडत होता. ते हात गुरुदासला आता रोज दिसायचे.

त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. या पट्ट्याने डाग झाकला तर ठीक. नाही झाकला, तर उद्या कणकवलीला उतरायचं ते परत यायचं नाही. घाट चढून वर कुठेतरी जायचं, जिथे कोणी ओळखणार नाही. आपण गेलो तर निदान चार वर्षांची लेक तरी रोग्याची पोर म्हणून वाढणार नाही.

तीन भोकं झाली. त्याने चामडं मनगटाला गुंडाळून पाहिलं. डागाची कड बोटभर बाहेर राहत होती. त्याने तुकडा सरकवला. आता दुसरी कड बाहेर आली. पुन्हा सरकवला. चौथं भोक नेमकं कुठे यावं ते हातावरच ठरवायला हवं होतं. त्याने तापलेला खिळा उचलला आणि खूण करण्यापुरता चामड्यावर टेकवला. जुनं चामडं तिथे झिजलं होतं. धूर निघाला. तो वाकून नीट पाहू लागला.

"अवो! काय करतास ह्या?"

सुगंधा दारातून धावत आली. तिने सांडशीला हिसका दिला. खिळा मातीत पडला. चामडं बाजूला केलं तर खाली मांस दिसत होतं. करपल्याचा वास दोघांच्याही नाकात शिरला.

"हात भाजलो तुमचो. कळाक नाय?"

गुरुदासने हात मागे ओढला. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"लांब रव," तो ओरडला. "माका हात लावू नको. महारोग आसा माका."

सुगंधा जागच्या जागी थिजली. मग वळून घरात निघून गेली. पाठोपाठ ट्रंक उघडल्याचा आवाज आला. माहेरची वाट धरली हिने, गुरुदासला वाटलं. बरंच झालं. लेकीला घेऊन जाईल. तो उठला. पाय विहिरीकडे वळले.

"खंय चाललास? बसा थंय."

ती परत आली होती. एका हातात पाण्याचा तांब्या आणि स्वच्छ फडकं, दुसऱ्या हातात गोळ्यांची बाटली. तिने त्याचा हात ओढून घेतला, त्यावर पाणी ओतलं, फडकं गुंडाळलं. मग लुगडं जरा वर करून गुडघा दाखवला. तिथे फिकट डागाची नुसती कड उरली होती.

"दोन वर्सां गोळये खातंय मी. मावशीकडे जातंय म्हणान सांगतंय आणि वेंगुर्ल्याक दवाखान्यात जातंय. डॉक्टर सांगतत, धीर धरून गोळये घेतल्यार ह्यो रोग बरो होता. मंगळवारी तुमी पण चला."

गुरुदास तिच्या गुडघ्याकडे बघतच राहिला.

"आणि माका सांगूक नाय, गो?"

सुगंधाचे डोळे भरून आले.

"सांगणार होतंय. पण दिवाळीपासून तुमी भायर पडवीत निजाक लागलास. माका वाटला, तुमका माझा कळला."