मतदानाला जायचंय

दर निवडणुकीला शेजारची नायेली म्हाताऱ्या वेंडेलना आपल्या गाडीतून मतदानाला न्यायची. तिला स्वतःला मत नव्हतं. आईच्या कडेवर बसून, मेक्सिकोहून कागदांशिवाय टेक्सासात आलेली पोर ती. अशांना हाकलायचं नाही, एवढीच काय ती सरकारी सवलत.

गेल्या खेपेला परतताना ती म्हणाली, “आत्ता ज्याला मत दिलंत ना आजोबा, तो आमची सवलत काढणार म्हणतोय.”

“छट्! तुला कोण हात लावतंय? तो त्या दुसऱ्यांबद्दल बोलतोय.”

आज पुन्हा मतदान. वेंडेलनी सकाळीच इस्त्रीचा शर्ट चढवला, काठी घेतली आणि मेक्सिकोला फोन लावला.

“पोरी, या वेळी त्याला पाडतोच बघ!”

“मग निघा ना, आजोबा. संध्याकाळी सातला मतदान बंद होतं.”

वेंडेल शेजारच्या रिकाम्या अंगणाकडे बघत राहिले.

“नेणार कोण?”