हॉल म्हणजे स्वयंपाकघर नव्हे

"आधी सगळ्या खिडक्या उघडा, साहेब," महादू दारातूनच म्हणाला. मग त्यानं एकदा हवा हुंगली.

खिडक्या उपेंद्रनं पहाटेच उघडल्या होत्या. उदबत्तीचा अख्खा पुडा जाळला होता, लिंबाच्या वासाचा फवारा कोपऱ्याकोपऱ्यात मारला होता. आता घरात लिंबू, चंदन आणि बांगडा असा तिहेरी वास येत होता.

मिर्दिफमधल्या या भाड्याच्या व्हिलात गॅसची फायरप्लेस होती, आधीच्या स्कॉटिश भाडेकरूनं हौसेनं बसवलेली. तिला धुराडं नव्हतं. जे काही जळेल त्याचा वास घरातच मुक्कामाला. दुबईच्या थंडीला खरं तर एक शाल पुरते, पण उपेंद्रच्या सासूबाईंना ही फायरप्लेस फार प्रिय. डिसेंबर लागला की मनोरमाबाई तिच्यासमोर खुर्ची टाकून जपमाळ ओढत बसत.

मनोरमाबाई साताऱ्याच्या, कडक सोवळ्याच्या. उपेंद्र वेंगुर्ल्याचा. लग्नात त्यांनी मानपान काही मागितलं नाही, एकच शब्द घेतला. माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरात मासा शिजता कामा नये. उपेंद्रनं तो दिला आणि दहा वर्षं पाळला. तरी बाई जावयाच्या हातचं पाणीसुद्धा घेत नसत. या दिवाळीत मात्र त्यांनी त्याच्या हातचा चहा घेतला. वर "साखर बरोबर पडलीय हो, उपेंद्रराव" असंही म्हणाल्या. त्या एका वाक्यावर स्वारी आठवडाभर हवेत होती.

मग सासूबाई, बायको संपदा आणि मुलगी दिया पुण्याला एका लग्नाला गेल्या. घर रिकामं झालं, आणि काल मासळीबाजारात ताजे, फुगलेले बांगडे दिसले. शब्द स्वयंपाकघराचा होता, हॉलचा नव्हता, असा मुद्दा उपेंद्रला टॅक्सीतच सुचला. फायरप्लेसमधल्या सिरॅमिकच्या ओंडक्यांवर जाळी ठेवून त्यानं दोन बांगडे भाजले. चव अशी की डोळे भरून आले. पण तेल ठिबकून खालच्या बर्नरवर गेलं आणि वासानं घर सोडायचं नाव घेईना. आज दुपारी तिघी परत येणार होत्या.

फायरप्लेसच्या कडेला सर्व्हिसवाल्याचा स्टिकर होता. त्यावर फोन केला आणि अल क्वोजच्या वर्कशॉपमधून महादू आला.

महादूनं सरळ सोफ्यामागे हात घालून गॅसची चावी बंद केली. ओंडक्यांचा मोबाइलवर फोटो काढला, मग एकेक उचलून चादरीवर ठेवला. "हे परत जागच्या जागी बसायला हवेत. जरा हलले तरी काजळी धरते," तो म्हणाला. मग चिमट्यानं त्यानं काहीतरी बाहेर काढलं. "साहेब, हे काय?"

"झुरळ असेल," उपेंद्र म्हणाला.

"काटा आहे. बांगड्याचा. मी देवगडचा आहे, साहेब."

उपेंद्र मटकन सोफ्यावर बसला. "दादा, प्लीज. सासूबाईंनी आत्ता कुठे माझ्या हातचा चहा घेतलाय. दहा वर्षांनी! त्यांना हे कळलं तर सगळं खलास."

"नाही कळणार, इन्शाल्ला," महादू शांतपणे म्हणाला.

त्यानं बर्नर मऊ ब्रशनं झाडला, व्हॅक्यूम लावला, बारीक भोकं हवेनं फुंकून मोकळी केली. पायलटच्या, म्हणजे आग पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीजवळचा सेन्सर पुसताना मात्र तो गंभीर झाला. "घरातली हवा कमी झाली की हा आग विझवतो. हा बिघडला तर आग चालू राहते आणि माणसं विझतात. ही चूल नाही, साहेब. इथे परत काही भाजू नका."

"नाही. शपथ."

"आणि धूप बंद करा. ही सगळी काळी पुटं धुपाची आहेत."

"तो आईंचा. रविवारी आम्ही तिघं मॉलला गेलो की त्या एकट्याच इथे धूप घालून बसतात. आम्ही येईपर्यंत हॉल नुसता घमघमतो. देवमाणूस आहेत हो!"

महादूनं ब्रश जरा जोरात फिरवला.

ओंडके जागेवर गेले, फायरप्लेसपुढची काच लख्ख झाली, साबणाचं पाणी लावून गळती तपासून झाली. महादू पेटी भरत होता तोच बेल वाजली. विमान वेळेआधी उतरलं होतं. उपेंद्रनं धावत जाऊन दार उघडलं.

"बाबा, व्हॉट इज दॅट स्मेल?" दियानं आत शिरताच विचारलं.

"उदबत्ती, बेटा. तुम्ही येणार म्हणून."

तिच्यामागून मनोरमाबाई आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. त्यांनी फायरप्लेसकडे पाहिलं, मग महादूकडे. त्यांचा चेहरा उतरला.

"हे कशाला आलेत?"

"सर्व्हिसिंगला, आई. तुम्हाला तिथे बसायला आवडतं म्हणून मी म्हटलं..." उपेंद्रनं फवाऱ्याची बाटली पाठीमागे लपवली.

"काही निघालं का आत?" त्यांनी थेट महादूलाच विचारलं.

महादूनं पेटीची कडी लावली.

"धूळ, आजी," महादू म्हणाला. "नुसती धूळ."

मनोरमाबाईंनी सुस्कारा सोडला. "किती काळजी घेता हो माझी, उपेंद्रराव! चहा टाका बघू. तुमच्याच हातचा."

उपेंद्रचे डोळे पाणावले. आधण ठेवून तो महादूला पोचवायला फाटकापर्यंत धावला आणि त्याचे दोन्ही हात धरले. "दादा, आज तुम्ही माझी लाज राखलीत. चेहऱ्यावरची रेघ न हलवता इतकं छान खोटं बोलायला जमतं कसं तुम्हाला?"

महादूनं पेटी गाडीत सरकवली. "सवयीनं, साहेब. तुम्ही ऑफिसात असताना आजी मला बोलावतातच की. आणि तुमचं तर बांगड्यावरच भागलं. मागच्या खेपेला त्यांच्या खेकड्याच्या नांग्या काढता काढता माझा ब्रश मोडला."