बाजारातलं पेन

पेटंट कार्यालयाच्या पत्राला घड्याळजींनी अजून उत्तर दिलं नव्हतं. 'कापऱ्या हातांसाठी अशी पेनं आधीच बाजारात आहेत. तुमच्या पेनात नवीन काय?' असं कार्यालयाने विचारलं होतं. आज शेवटचा दिवस होता. पोस्टाची खिडकी बंद झाली, की अर्ज बाद. घड्याळजींनी लिहिलेला कागद पुन्हा टराटरा फाडला.

"खरंच, काय नवीन आहे गं? घड्याळातली जुनी स्प्रिंग तर बसवलीय. हसतील मला."

"कमाल आहे बाई! हात कापतो माझा, आणि लिहवत नाही यांच्याच्यानं. सरका बघू."

बायकोने त्यांनी बनवलेलं पेन उचललं. घड्याळजी चपला घालून दारातच उभे राहिले.

"आटप गं, खिडकी बंद करतील."

"घाई केलीत, तर चुकेन."

तिने दोनच ओळी लिहिल्या आणि सही जुळत नाही म्हणून बँकेने परत केलेला आपला चेक सोबत जोडला.

पोस्टाच्या रांगेत घड्याळजींनी कागद उघडला. अक्षर सरळ, ठसठशीत होतं. 'चेकवरची माझी सही बाजारातल्या पेनाने केलेली आहे. हे पत्र मी यांच्या पेनाने लिहिलं आहे.'

खिडकी लावता लावता कारकुनाने हात पुढे केला. घड्याळजींनी पाकीट चिकटवून त्याच्या हातात दिलं.